थेट मंडईतून, तुळजाबाईंच्या ओट्यावरून

तुळजाबाई आव्हाळे दिवसभर भाजीवर पाणी शिंपडायच्या, पण स्वतः घोटभरही प्यायच्या नाहीत. झाकणाला भोकं पाडलेली प्लॅस्टिकची एक बाटली कायम त्यांच्या हाताशी असे. मेथी मलूल दिसली की मेथीवर, पालकाने मान टाकली की पालकावर, असा त्यांचा हात फिरत राही. ऊन चढलं आणि ओठ सुकले, की त्या पदराने तोंड पुसत आणि बाटली पुन्हा कोथिंबिरीवर धरत. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारीला तहानच कमी असेल.

तहान कमी नव्हती. मंडईत बाईमाणसाला जायला जागा नव्हती, एवढीच साधी गोष्ट होती. सकाळी पुण्याजवळच्या मांजरी गावाहून भाजीचं ओझं टेम्पोत टाकून निघताना अर्धा कप चहा घ्यायचा आणि मग संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तोंडाला कुलूप, असा नियमच त्यांनी देहाला घालून दिला होता. देह बिचारा पाळत होता. अधूनमधून उन्हाळी लागायची, लघवीला आग व्हायची. मग धन्याचं पाणी, सब्जा, गावातल्या डॉक्टरच्या पिवळ्या गोळ्या, आणि चार दिवसांनी पुन्हा ओट्यावर.

पूर्वी असं नव्हतं. खराडी म्हणजे ज्वारीची शेतं आणि मधून जाणारा रस्ता होता, तेव्हा तुळजाबाई रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसत. उठून पलीकडे गेलं की आडोसा मिळे. मग शेतं गेली आणि काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या. बांधकाम चालू असेतोवर पत्र्यांच्या मागे सोय होती. बांधकाम संपलं की पत्रे जात आणि त्यांच्या जागी हिरवळ, कारंजी आणि निळ्या गणवेशातले वॉचमन येत. खराडीत कॉम्प्युटर आला, गळ्यात पट्टा घातलेली पोरं-पोरी आली, तुळजाबाईंच्या पोत्यावर ब्रोकोली आली. त्या तिला हिरवा फ्लॉवर म्हणत आणि पांढऱ्यापेक्षा दुप्पट भावाने विकत. धंदा वाढला, आणि आडोसा मात्र एकेक करून संपला.

मग वॉर्डातल्या माननीयांनी रस्त्यावरच्या सगळ्या भाजीवाल्यांना उचलून एका छपराखाली बसवलं. आपल्याकडे नगरसेवकाला माननीय म्हणायचं, आणि म्हणताना चेहरा गंभीर ठेवायचा अशी पद्धत आहे. या माननीयांनी मंडईला स्वतःच्या आईचं नाव दिलं : मातोश्री गोदाबाई भाजी मंडई. सिमेंटचे ओटे केले, पंखे लावले. आणि मागच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं. गुलाबी टाइल्स, दारावर कुंकू लावलेल्या बाईचा रंगवलेला चेहरा, बाहेर संगमरवरी पाटी. पाटीवर पडदा आणि दाराला कुलूप.

कुलूप का, तर उद्घाटन व्हायचं होतं. पाटीवर मंत्र्यांचं नाव कोरून झालं होतं आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. तारीख मिळेपर्यंत दार उघडलं तर मग मंत्री येऊन उघडणार काय? मुद्दा बिनतोड होता. तुळजाबाई चार बायकांना घेऊन माननीयांच्या ऑफिसात गेल्या, तेव्हा माननीयांनी सगळ्यांना चहा पाजला, “मावशी, एवढी वर्षं कळ काढलीत, आता थोडं,” असं म्हणून हात जोडले. नंतर मंत्री बदलले. पाटी नव्याने कोरायला गेली आणि कुलपावर गंज चढला. मंडईतल्या पुरुषांना याचं काही वाटायचं कारण नव्हतं, त्यांना मागची भिंत होती.

त्या मंडईत पहिल्यांदा टीव्हीची गाडी आली ती कांदा महागला तेव्हा. शहरातली मोठी मंडई सोडून ही मंडळी इथे का आली याचं गूढ समाधानने नंतर उलगडून सांगितलं. समाधान म्हणजे कॅमेरा धरणारा. “तिथं गाडी लावायला जागा नाही, मावशी. इथं पार्किंग आहे,” तो म्हणाला. म्हणजे पुण्याच्या सर्वसामान्य गृहिणीचा आक्रोश यापुढे खराडीतून होणार हे पार्किंगवरून ठरलं.

गाडीतून उतरली ती कादंबरी. वयाने तरुण, सदाशिव पेठेत वाढलेली, बोलणं स्वच्छ, अंगात इस्त्रीचा कुर्ता. आळशी मुळीच नव्हती. उन्हातान्हात उभी राही, जेवणखाण विसरे. फक्त तिची एक खोड होती. जगात काहीही घडो, ते आधी कादंबरीला घडलं पाहिजे, मग उरलं तर इतरांना. पूर आला की ती पाण्यात उभी, थंडी पडली की तिच्याच तोंडातून वाफ. कांदा महागला म्हणून तिने हिराकडून कांद्यांची माळ ओवून घेतली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. हिरा म्हणजे शेजारच्या ओट्यावरची फळवाली, तुळजाबाईंपेक्षा निम्म्या वयाची.

“मी आत्ता मंडईत आहे, माझ्या गळ्यात कांदे आहेत आणि माझ्या डोळ्यांत पाणी आहे!” कादंबरी कॅमेऱ्याला म्हणाली. मग तिने माइक तुळजाबाईंच्या तोंडाशी धरला. “मावशी, काय सांगाल?”

तुळजाबाईंनी संधी साधली. “कांद्याचं काय घिऊन बसलाय, बाई, त्यो वर जातो, खाली येतो. तेवढं आमच्या मागच्या कुलपाचं सांगा टीव्हीवर. बायामाणसांनी दिसभर...”

माइक निघून गेला होता. “पाहिलंत,” कादंबरी म्हणत होती, “अत्यंत संतप्त भावना आहेत इथे!”

संध्याकाळी मांजरीला घरी सून कल्याणीने आळीतल्या बायका गोळा केल्या होत्या. बातमी लागली. कादंबरी दिसली, कांदे दिसले, कादंबरीचे डोळे तर फारच जवळून दिसले. तिच्या खांद्यामागे एक कान आणि कानातली कुडी दिसली. खाली अक्षरं आली : संतप्त गृहिणी.

“आत्या, ही कुडी तुमचीच की,” कल्याणी उत्साहाने म्हणाली. कुलपाचं वाक्य कापलं होतं.

त्यानंतर ही गाडी येतच राहिली. संक्रांतीला भोगीच्या भाज्या महागल्या, गाडी आली. टोमॅटो स्वस्त झाले, गाडी आली. एकदा तर ‘आज मीच होणार भाजीवाली’ असं म्हणून कादंबरी तुळजाबाईंना बाजूला सारून त्यांच्या ओट्यावर चढून बसली. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला अर्ध्या मंडईभर बघ्यांची गर्दी, मधे ही, आणि तुळजाबाई स्वतःच्या ओट्याखाली उभ्या. अळूची पानं तिच्या गुडघ्याखाली चिरडली. ते पाहून तुळजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पाहुणी म्हणून त्या गप्प बसल्या.

दर वेळी त्या कुलपाचं सांगत. माइक जवळ आला की घाईघाईने, दम न घेता सांगत. दर वेळी ते कापलं जाई. अनंतराव नावाचे एक निवृत्त मास्तर रोज पिशवी घेऊन येत. पेठ सोडून खराडीच्या सोसायटीत राहायला आल्यापासून त्यांना बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते मंडईत बोलत. “अहो तुळजाबाई,” ते म्हणाले, “काल मी बातमी फार शोधली. ती बाई बहुतेक तिच्यावरच उभी होती.”

तुळजाबाई हसल्या, पण मनातून त्यांना हसू येत नव्हतं. हिराला दिवस गेले होते.

हिराचा नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असे. फळांचा ओटा तिच्या एकटीच्या जिवावर चालत होता. डॉक्टरणीने तिला बजावलं होतं की भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, आधीच जंतुसंसर्ग झालाय, पोटातल्या जिवाला धोका आहे. हिराने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसली. पाणी प्यावं तर जायचं कुठं, आणि न प्यावं तर डॉक्टरीण ओरडते. एका दुपारी मोसंब्यांचा ढीग रचता रचता तिला घेरी आली आणि ती ओट्यावरच कलंडली. तुळजाबाईंनी आपली भोकांची बाटली तिच्या तोंडावर धरली.

शुद्धीवर आल्यावर हिरा म्हणाली, “मावशे, म्या वटा सोडती. हे काय माझ्यानं व्हायचं न्हाई.”

ओटा सोडणं म्हणजे काय ते तुळजाबाईंना ठाऊक होतं. सोडलेल्या ओट्यावर संध्याकाळच्या आत दुसरा माणूस बसतो आणि पुन्हा तो मिळत नाही. मग हिरा खाणार काय? “सोडू नगंस,” त्या म्हणाल्या. “म्या करती कायतरी.” काय करणार हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा त्यांनी कादंबरीचा नाद सोडून समाधानला गाठलं. मुलगा बरा होता. बोलताना डोळे वर करून बोलायचा. “बाबा, तुझ्या यंत्रात कुलूप एकदा दाव की,” त्या म्हणाल्या.

“दाखवलं होतं, मावशी. दोनदा शूट करून पाठवलं. वर काढून टाकतात.” समाधानने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुम्हाला खरं सांगू? मॅडमना जे होतं, तेवढंच बातमीत जातं. मॅडमना होत नाही ते कुणालाच होत नाही.”

तो हे गमतीने बोलला. तुळजाबाईंनी मात्र ते वाक्य मांजरीपर्यंत सोबत नेलं. टेम्पोत रिकाम्या पाट्यांवर बसून त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, वांगं निवडताना पाहतात तसं, आणि त्यात कीड सापडेना.

बजेटच्या दिवशी कादंबरी सकाळीच आली. दिल्लीत अर्थमंत्री बोलणार आणि त्यावर सर्वसामान्यांना काय वाटतं ते दिवसभर ‘थेट मंडईतून’ दाखवायचं होतं. थोड्या थोड्या वेळाने तिला लाइव्ह जायचं होतं, त्यामुळे जागा सोडायची सोय नव्हती. फेब्रुवारीचाच महिना, तरी ऊन चांगलंच तापलेलं. तुळजाबाईंनी समोरच्या रसवंतीवाल्याला हाक मारली.

“बाई, मांजरीचा ऊस हाय. आमच्याकडचा. घ्या, उन्हाच्या उभ्या हायसा.”

रसाचा ग्लास दिसताच कादंबरीचे डोळे चमकले. “समाधान, हे घे! उसाचा रस महागणार का?” तिने कॅमेऱ्यासमोर एक मोठा घोट घेतला. मागून ट्रक गेला आणि आवाज बिघडला, म्हणून पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा ग्लास रिकामा दिसायला लागला तेव्हा तुळजाबाईंनी दुसरा भरून आणवला. नंतर त्यांनी घरचं ताक दिलं, जिरं आणि मीठ घालून. ताकावर चहा झाला. दुपारी पुन्हा रस, या वेळी आलं-लिंबू घालून. कादंबरी भारावून गेली. “किती प्रेमळ असतात ही माणसं!” ती प्रेक्षकांना म्हणाली. समाधानने एकदा तुळजाबाईंकडे रोखून पाहिलं. त्या शांतपणे चवळीच्या शेंगा निवडत होत्या. मग त्याला देऊ केलेलं ताक त्याने पिऊन टाकलं. त्याला भिंत होती.

हे डाव म्हणून केलं की माया म्हणून, असं तुळजाबाईंना कुणी विचारलं असतं तर त्यांना उत्तर देणं जड गेलं असतं. उन्हात उभ्या असलेल्या पोरीला ताक द्यावं हेही त्यांना मनापासून वाटत होतंच.

दुपार कलायला लागली तशी कादंबरी एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागली. चेहऱ्यावरचं हसू ताणलं गेलं. दोन लाइव्हच्या मधे ती ओट्याशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मावशी, इथे वॉशरूम कुठंय?”

तुळजाबाई उठल्या, तिला मागे घेऊन गेल्या आणि कुलपासमोर उभं केलं.

“किल्ली?”

“माननीयांकडं.”

“म्हणजे? मग तुम्ही सगळ्या काय करता?”

“आमी पानी पीत न्हाई,” तुळजाबाई म्हणाल्या.

कादंबरीला काहीतरी बोलायचं असावं, पण तेवढ्यात कानातल्या यंत्रातून कुणी ओरडलं. ती वळली आणि शेजारच्या काचेच्या इमारतीकडे जवळजवळ पळतच गेली. दारावरच्या वॉचमनने हात आडवा केला. “मॅडम, किससे मिलना है? पास दिखाइए.” तिने माइक दाखवला. नाव सांगितलं. “मला ओळखत नाही तुम्ही?” तिने मराठीत विचारलं, मग हिंदीत विचारलं. वॉचमन बिहारकडचा होता, मराठी चॅनेल बघत नव्हता. त्याने नम्रपणे पुन्हा पास मागितला. मंडईतल्या बायका हे सगळं ओट्यांवरून पाहत होत्या. त्यातल्या प्रत्येकीने त्या वॉचमनचा तोच आडवा हात कधी ना कधी पाहिलेला होता, म्हणून कुणी हसलं नाही.

कादंबरी परत आली ती रडकुंडीला येऊन. कानात पुन्हा ओरडा सुरू झाला : लाइव्ह, लाइव्ह. मग बजेटचे कागद तिने तुळजाबाईंच्या मेथीवर टाकले, समाधानला खूण केली आणि सरळ कुलपासमोर जाऊन उभी राहिली.

“मी, कादंबरी, सकाळपासून या मंडईत उभी आहे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खरा कापला. “मला आत्ता, या क्षणी, स्वच्छतागृहाची गरज आहे, आणि माझ्यासमोर हे कुलूप आहे! मी एका इमारतीत गेले, मला हाकलून देण्यात आलं. मला! माझ्यासारख्या मुलीने जायचं कुठे? मी विचारते, माझी ही अवस्था कुणामुळे झाली?”

अनंतराव पिशवी घेऊन तिथेच उभे होते. “आज योग आहे,” ते हिराला म्हणाले. “बातमी आणि बाई एकाच जागी सापडल्या.”

दिल्लीतले अर्थमंत्री बाजूला पडले. चॅनेलने पडद्याचे दोन भाग केले, एका भागात कादंबरी आणि दुसऱ्या भागात कुलूप. इतकी वर्षं कुणाला न दिसलेलं ते गंजकं कुलूप आता सगळ्या महाराष्ट्राला दिसत होतं. ऑफिसातला टीव्ही बघून माननीय गाडीत बसले आणि गाडी थांबायच्या आत उतरले. किल्ली खिशात होती. कुलूप गंजलेलं असल्यामुळे उघडेना, तेव्हा त्यांच्या कार्यकर्त्याने दगडाने तोडलं. दार उघडलं आणि आतून माननीय बाहेर आले. म्हणजे त्यांचे फ्लेक्स. वाढदिवसाचे, दहीहंडीचे, हात जोडलेले, मोबाइल कानाला लावलेले. आजवर स्वच्छतागृहाचा तेवढाच उपयोग झाला होता. कार्यकर्ते फ्लेक्स ओढून काढत होते आणि माननीय कॅमेऱ्याच्या आड येत होते.

कादंबरी आत गेली आणि दार पुन्हा किलकिलं झालं. “मावशी,” आतून दबका आवाज आला, “नळाला पाणी नाहीये.”

नळ जोडलेलाच नव्हता. तुळजाबाईंनी भाजीवर शिंपडायच्या पाण्याची बादली उचलली आणि दारातून आत सरकवली. हे टीव्हीवर दिसलं. म्हणजे, बादली धरलेला हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसला.

कादंबरी बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. “मी जिंकले!” ती कॅमेऱ्याला म्हणाली. तिच्यामागून हिरा आत गेली. मग कोपऱ्यावरची लिंबंवाली, मग मिरच्यांवाली, मग कडधान्यवाली, अशी रांगच लागली. तुळजाबाई शेवटी गेल्या, कारण सगळ्यांचे ओटे कुणीतरी राखायला हवे होते.

संध्याकाळी टेम्पोत बसून घरी जाताना त्यांना आनंद झाला होता, पण भातात खडा लागावा तसं काहीतरी त्या आनंदात दाताखाली येत होतं. आपण सांगत होतो तेव्हा ते खोटं होतं का? चार बायका चालत माननीयांकडे गेल्या, तेव्हा कुलूप हेच होतं आणि दगडही तिथंच पडलेला होता. त्यांना कादंबरीचा राग आला, आणि मग तिचा रडवेला चेहरा आठवून राग टिकेना. ती खोटं बोलली नव्हती. तिला खरंच कळ आली होती.

दुसऱ्या दिवशी हिरा मात्र चिडलेली होती. तिने शेजारच्या दुकानातल्या टीव्हीवर ‘कादंबरीची झुंज’ तिसऱ्यांदा पाहिली होती. “येक दुपार, मावशे! येक दुपार थांबली तर झुंज म्हनं. आन आपन?”

“आपल्याला कोन बघत हुतं?” तुळजाबाई म्हणाल्या. “तू पानी पी.”

नळ जोडला गेला, दिवा लागला, झाडायला बाई नेमली गेली. चॅनेलवर आठवडाभर ‘इम्पॅक्ट’ चालला. मग माननीयांनी कादंबरीच्या सत्काराचा कार्यक्रम ठेवला. मंडईच्या दारात नवा फ्लेक्स लागला : ‘रणरागिणी पत्रकार कादंबरी यांच्या अथक संघर्षातून साकारलेले...’ खाली माननीय हात जोडून. शाल झाली, श्रीफळ झालं. पुष्पगुच्छ द्यायला मंडईतली एखादी महिला हवी म्हणून तुळजाबाईंना पुढे ढकललं. गुच्छ फुलांचा नव्हता, कोथिंबीर, मुळा आणि लाल मिरच्यांचा होता. कादंबरीच्या टीमची कल्पना. कोथिंबीर तुळजाबाईंच्याच ओट्यावरून नेली होती.

गुच्छ घेताना कादंबरी त्यांच्या कानाशी वाकली. “मावशी, त्या दिवशीचा तो रस... तुम्ही मुद्दाम?”

“पाहुनी म्हनून दिला,” तुळजाबाई म्हणाल्या. कादंबरी मोठ्याने हसली. ती मूर्ख नव्हती. पण समोर समाधानने कॅमेरा चालू केला होता, म्हणून ती लगेच वळली.

“आपण पुन्हा त्याच मंडईत आहोत जिथे मी लढले. मावशी, सांगा आता प्रेक्षकांना, कसं वाटतंय?”

माइक तोंडाशी आला आणि या वेळी लगेच गेला नाही. इतकी वर्षं तुळजाबाईंनी त्या माइकसाठी एक वाक्य जपून ठेवलं होतं. ते वाक्य आता उपयोगाचं नव्हतं आणि दुसरं काही त्यांच्याकडे तयार नव्हतं. घसा मात्र कोरडा होता. नळ येऊन इतके दिवस झाले तरी मंडईत पाणी प्यायचं त्यांना सुचतच नव्हतं. देहाला लावलेली सवय इतक्या सहज सुटत नव्हती. हिराने ओट्यावर तांब्या भरून ठेवला होता. तुळजाबाईंनी तो उचलला, तोंड वर केलं आणि पाणी प्यायला लागल्या. घटाघटा, हनुवटीवरून ओघळ छातीवर येईपर्यंत.

“मावशी, बोला ना, लाइव्ह आहे,” कादंबरी कुजबुजली. मावशी पितच होत्या. मग ती कॅमेऱ्याकडे वळून दोन पावलं पुढे आली. “पाहिलंत, शब्दच नाहीत त्यांच्याकडे! पण मला मात्र आज...”

घरी कल्याणीने ते सगळं पाहिलं होतं, आणि तुळजाबाई पोचल्या तेव्हा पुन्हा दाखवत होते. पडदाभर कादंबरीचा चेहरा होता. तिच्या खांद्यामागे धूसर, हिरवट असं काहीतरी हलत होतं.

“आत्या, ह्या बारीला पन तुमाला दावलं न्हाई,” कल्याणी वैतागून म्हणाली. “नुसती तीच बाई.”

तुळजाबाई टीव्हीच्या जवळ जाऊन वाकल्या. “ही मागं हलतीया ती मीच. पानी पितीया, दिसतंय का?”

“दिसतंय थोडंसं.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या, आणि पाय धुवायला मोरीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी अख्खा कप चहा घेतला. मग फडताळातून आणखी एक बाटली काढली, विसळली, माठातून भरली आणि भोकांच्या बाटलीशेजारी पाटीत ठेवली. तिच्या झाकणाला भोकं नव्हती.